एक घर बांधताना किती घरं चालतात
(लॉरी बेकर यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



1948 साली एक नवविवाहित जोडपं कुमाऊंच्या डोंगरात पिथौरागढला फिरायला गेलं. ती केरळची डॉक्टर, एलिझाबेथ जेकब. तो इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा वास्तुशिल्पी, लॉरी बेकर. चार दिवस डोंगर बघावेत आणि परतावं असा बेत होता. पण बाई डॉक्टर आहेत ही बातमी वाड्या-वस्त्यांवर पोचली आणि आजारी माणसं येऊन दारात बसू लागली. जवळपास दुसरा डॉक्टर नव्हता. मग ते दोघं तिथेच राहिले. एक उन्हाळा नाही, जवळजवळ पंधरा वर्षं.

लॉरी बेकर हे नाव घेतलं की वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर केरळातल्या विटांच्या जाळीदार भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींकडे मी येणारच आहे. पण मला आधी पिथौरागढला थांबायचं आहे, कारण पुढचं सगळं तिथे घडलं असं माझं मत आहे. बेकर तेव्हा एकतीस वर्षांचे होते. 1937 साली त्यांनी वास्तुशास्त्राचं शिक्षण पूर्ण केलं होतं. ज्या वयात माणूस कचेरी थाटतो, मोठी कामं मिळवतो, नाव कमावतो, ती सगळी वर्षं त्यांनी पत्नीच्या दवाखान्यात घालवली. दवाखान्याच्या खोल्या त्यांनी बांधल्या, मोडलेलं दुरुस्त केलं, शस्त्रक्रियेच्या वेळी मदतीला उभे राहिले, रुग्णांची शुश्रूषा केली. डॉक्टर ती, आणि हाताखाली हा. त्या पिढीत, आणि खरं सांगायचं तर आजच्या पिढीतही, किती पुरुषांनी हे इतक्या सहज केलं असेल? कुटुंबवत्सल हा शब्द आपण सत्काराच्या भाषणात फार स्वस्तात वापरतो. बेकरांच्या बाबतीत तो मी पूर्ण अर्थानं वापरतो आहे.

शुश्रूषा त्यांना नवीन नव्हती. ते क्वेकर पंथाचे. युद्ध हे पाप आहे असं मानणारी ही माणसं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बंदूक धरायला नकार दिला आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकातून ते चीनला गेले. भूल देण्याचं काम ते तिथल्या शस्त्रक्रिया पथकासाठी शिकले होते. पुढे चीनमध्येच कुष्ठरुग्णांची सेवा त्यांच्या वाट्याला आली. परतीच्या प्रवासात बोटीची वाट पाहत त्यांना काही महिने मुंबईत थांबावं लागलं, आणि तिथे एका क्वेकर स्नेह्यामुळे त्यांची गांधीजींशी भेट झाली. गांधीजींचं लक्ष म्हणे आधी त्यांच्या पायांकडे गेलं. कापडाच्या चिंध्यांपासून हातानं केलेले ते जोडे त्यांना आवडले. मग बोलणं घरांवर आलं. गावातलं आदर्श घर असं असावं की त्याला लागणारं सगळं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळावं, असं गांधीजी म्हणाले. बेकर पुढे आयुष्यभर ही आठवण सांगत. त्याबरोबर हेही मोकळेपणानं सांगत की त्या वेळी ती गोष्ट त्यांना फारशी पटली नव्हती. पाच मैल म्हणजे फारच झालं, असं त्यांना वाटलं होतं.

आपल्याला इथे वर्ध्याची आठवण येणं साहजिक आहे. सेवाग्रामच्या आपल्या झोपडीला शंभर रुपयांच्या वर खर्च होता कामा नये, आणि स्थानिक सामानच वापरायचं, अशी अट गांधीजींनी 1936 साली घातली होती. म्हणजे मुंबईत त्या तरुण इंग्रजाला जे सांगितलं ते विदर्भाच्या मातीत त्यांनी आधी करून पाहिलेलं होतं.

1945 साली बेकर भारतात परत आले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या एका मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून. काळ मोठा विलक्षण होता. कुष्ठरोगावर सल्फोन गटातली औषधं नुकतीच येऊ लागली होती. ज्यांना गावाबाहेर आयुष्यभर कोंडून ठेवायचं, त्यांना आता बरं करून घरी पाठवता येणार होतं. त्यामुळे जुन्या कोंडवाड्यांची रुग्णालयं करायची होती. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवनाची सुरुवात केली तीही याच दशकाच्या अखेरीस. बेकर फैजाबादला मुक्कामी होते. तिथे ज्या डॉक्टरांकडे ते राहत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांचं काम सांभाळायला त्यांची बहीण हैदराबादहून आली. तीच एलिझाबेथ. दोघांच्या घरचा या लग्नाला विरोध होता, मिशनवाल्यांनाही ते रुचलं नव्हतं. दोघांनी वाट पाहिली आणि मग लग्न केलं.

आता डोंगरातल्या शिक्षणाबद्दल. बर्मिंगहॅममध्ये शिकलेला माणूस पिथौरागढला घर बांधायला निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की शिकलेल्यातलं फारसं काही इथे उपयोगाचं नाही. सिमेंट नाही, लोखंड नाही, ते आणायला धड रस्ता नाही. आणि तरीही भोवतालच्या लोकांची घरं चांगली उभी होती. दगड, माती, लाकूड. थंडीत ऊब धरणाऱ्या जाड भिंती, उताराला धरून बसवलेली जोती, बर्फ-पाऊस झटकून टाकणारी दगडी पाट्यांची छपरं. ही घरं कुणा पदवीधरानं आखलेली नव्हती. कित्येक पिढ्यांनी चुकत-सुधारत ती या रूपाला आणली होती. आपण यांना शिकवायला नको, यांच्याकडून शिकायला हवं, हे बेकरांना तिथे उमगलं. गांधीजींचे ते पाच मैल तिथे त्यांना पटले, आणि पटले ते तत्त्वज्ञान म्हणून नव्हे. पाच मैलांपलीकडून काही आणायची सोयच नव्हती म्हणून.

1963 च्या सुमारास कुटुंब केरळात आलं. आधी वागमणच्या डोंगरात पुन्हा दवाखाना, मग 1970 च्या आसपास तिरुवनंतपुरम. तोवर बेकर पन्नाशी ओलांडून गेले होते. आज ज्या कामासाठी जग त्यांना ओळखतं ते बहुतेक सगळं यानंतरचं आहे. सी. अच्युत मेनन तेव्हा केरळचे मुख्यमंत्री होते. अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज विकास अध्ययन केंद्राची उभारणी करत होते. त्या संस्थेचा उळ्ळूरचा परिसर त्यांनी बेकरांवर सोपवला. एखाद्या अर्थशास्त्राच्या संस्थेला हा वास्तुशिल्पी मिळावा यात मला मोठं औचित्य दिसतं, कारण बेकरांचा मूळ विचार अर्थशास्त्राचाच होता.

तो विचार असा. आपण घराचा खर्च विचारतो तेव्हा चौरस फुटाला किती पडले एवढंच विचारतो. बेकर त्याच्या पुढचं विचारत: हा पैसा गेला कुणाकडे? सिमेंटची गोणी घेतली की तिचा पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. पोलादाचं तसंच, काचेचं तसंच, रंगाच्या डब्याचंही तसंच. पण जवळच्या भट्टीची वीट घेतली, शिंपल्यांचा चुना घेतला, सुताराकडून दार करून घेतलं, गवंड्याला दोन दिवस जास्त काम दिलं, तर तोच पैसा त्याच गावातल्या चुली पेटवतो. एका घराच्या बांधकामावर आणखी किती घरं चालतात, हे बांधणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून सामान कमी आणि हातांचं काम जास्त, ही त्यांच्या बांधकामाची रीत. ती सौंदर्याच्या हौसेतून आलेली नाही. सौंदर्य तिच्या मागोमाग आलं.

इथे बांधकाम करणारे बरेच जण बसले आहेत, म्हणून थोडं तपशिलात जातो. नऊ इंची भिंत आपण वीट आडवी निजवून रचतो. बेकरांनी वीट कडेवर उभी केली. भिंतीच्या दोन्ही तोंडांना कडेवर उभ्या विटा आणि मध्ये अदमासे तीन इंचांची पोकळी. ठरावीक अंतरावर एक वीट आडवी टाकून दोन्ही बाजू जोडायच्या. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. ही रचना इंग्लंडात जुनीच होती, बेकरांनी ती केरळात रुजवली. भिंतीची जाडी तीच, पण विटा सुमारे पाव हिश्श्यानं कमी लागतात, माल वाचतो, आणि मधल्या हवेमुळे ऊन आत लवकर शिरत नाही. वायरिंगची नळी त्याच पोकळीतून नेता येते. गिलावा करायचा नाही. वीट चांगली भाजलेली असेल आणि सांधे नीट भरले असतील तर गिलाव्याची गरज नाही, आणि तो दर काही वर्षांनी रंगवण्याचा खर्चही उरत नाही.

स्लॅबचं तर्कशास्त्र असंच सरळ आहे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण येतो, आणि तो ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट केवळ भर म्हणून वजन वाढवत असतं. मग त्या जागी, सळयांच्या चौकोनात, टाकाऊ मंगलोरी कौलं ठेवली तर? काँक्रीट वाचतं, स्लॅब हलका होतो, म्हणून सळईही कमी लागते, आणि कौलांमुळे खाली उष्णता कमी उतरते. हा फिलर स्लॅब. खिडकीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की चौकट, तावदानं, बिजागऱ्या, गज यांत लाकूड आणि पैसा फुकट जातो. उजेड आणि वारा हवा असेल तर विटांचीच जाळी ठेवा. ती भिंतही असते, खिडकीही असते आणि चोरापासून राखणही करते. आणि उघडझाप हवीच असेल तर वर-खाली दोन भोकांत फिरणारी एक उभी फळी पुरते.

यातली कुठलीही युक्ती एकटीनं मोठी नाही. वीट थोडी वाचली, काँक्रीट थोडं वाचलं, रंग वाचला, चौकट वाचली. पण सगळं एकत्र केलं की मजुराला परवडेल असं पक्कं घर उभं राहतं, आणि बेकरांना तेच हवं होतं. त्यांनी हे ज्ञान स्वतःपाशी ठेवलं नाही. हातानं चित्रं काढून, सोप्या इंग्रजीत, त्यांनी छोट्या पुस्तिका केल्या: घराचा खर्च कसा कमी करावा, मातीनं कसं बांधावं, भूकंपाच्या प्रदेशात काय काळजी घ्यावी. एका पानावर डावीकडे नेहमीची महागडी पद्धत, उजवीकडे स्वस्त पद्धत. वाचता न येणाऱ्या गवंड्यालाही चित्र बघून कळावं अशी.

तिरुवनंतपुरमला कधी गेलात तर तंपानूरला, रेल्वे स्टेशन आणि बसस्थानकाच्या समोरच, इंडियन कॉफी हाऊसची इमारत बघा. बाहेरून विटांचा एक उंच, गोल मनोरा. आत एकच अखंड चढण गोल गोल वर जाते, आणि तिच्या कडेकडेनं भिंतीतच बांधलेली टेबलं नि बाकं. मी तिथे अनेकदा डोसा खात बसलो आहे आणि दर वेळी माणसंच बघत राहिलो आहे. हमाल, वकील, परीक्षेला आलेली पोरं, लेकरांना घेऊन आलेल्या बाया. चिमूटभर जागा, पण बाकाला पाठ टेकवून प्रत्येकाला आपला कोपरा मिळतो, आणि जाळीतून वारा येत राहतो. कामगारांच्या सहकारी संस्थेनं चालवलेलं ते उपाहारगृह आहे, आणि इमारतही तशीच सगळ्यांना सामावून घेणारी.

पूनतुरा इथे मच्छीमारांसाठी त्यांनी घरं आखली तेव्हा एका सरळ ओळीत डबे मांडले नाहीत. घरं थोडी पुढे-मागे सरकवली. त्यामुळे मागच्या घरालाही समुद्राचा वारा मिळाला, आणि मध्ये मोकळ्या जागा उरल्या: जाळी वाळवायला, मासळी पसरायला, पोरांना खेळायला. कोळी कुटुंबाचं निम्मं आयुष्य घराबाहेर, दारासमोर जातं, हे आपल्या वर्सोव्यापासून मालवणपर्यंतच्या कोळीवाड्यांत कुणीही सांगेल. सरकारी आराखड्यात मात्र ती जागा मोजमापात धरलेलीच नसते.

मोठ्या संस्थेचं काम असो की कारकुनाचं घर, बेकरांची पद्धत एकच. आधी ते घरच्यांशी बोलत. घरात कोण कोण आहे, म्हातारी आई कुठे झोपते, स्वयंपाक कोण करतं, पाहुणे किती येतात, किती पैसे खरोखर हातात आहेत. जागेवरचं झाड तोडायचं नाही, घर त्याच्या कडेनं वळवायचं. खडक फोडायचा नाही, त्यावर टेकून भिंत घ्यायची. रेखाटनं बहुतेकदा वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठींवर. मग रोज कामावर जाऊन गवंड्यांबरोबर उभं राहायचं. बांधता बांधता आराखडा बदलला तरी चालेल. कंत्राटदार मध्ये नसे. मोठी कचेरीही नव्हती. कोट्टायमला मेरी रॉय यांची शाळा त्यांनी बांधली, तिरुवनंतपुरमला लोयोला चॅपेल बांधलं, आणि त्याच वेळी शेकडो साध्या कुटुंबांची घरंही.

त्यांचं स्वतःचं घर, नालांचिराच्या खडकाळ उतारावरचं ‘द हॅम्लेट’, हे असंच वाढत गेलं. आधी लहानसं, मग तीन मुलांच्या, पाहुण्यांच्या गरजेप्रमाणे एकेक खोली. जुन्या इमारतींतलं लाकूड, मोडक्या फरशा, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या. एलिझाबेथ यांनी पुढे बेकरांच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. 1989 मध्ये बेकरांना भारताचं नागरिकत्व मिळालं आणि 1990 मध्ये पद्मश्री. नागरिकत्वासाठी या माणसाला चाळीसहून अधिक वर्षं लागली, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. 1 एप्रिल 2007 रोजी तिरुवनंतपुरमला ते गेले तेव्हा नव्वद वर्षांचे होते.

आता त्यांच्यावरच्या आक्षेपांकडे येतो. आदरापोटी ते टाळले तर या व्याख्यानाला अर्थ राहणार नाही.

पहिला आक्षेप असा की बेकरांचं काम बेकरांवाचून चालत नाही. रोज जागेवर उभा राहणारा, पैशाचा मोह नसलेला वास्तुशिल्पी हजारो घरांना कुठून आणायचा? याला उत्तर द्यायचा प्रयत्न त्यांच्या हयातीतच झाला. 1985 साली अच्युत मेनन, के. एन. राज, टी. आर. चंद्रदत्त आणि बेकर यांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था काढली, आणि तिनं केरळभर या पद्धतीनं घरं बांधली. तरी सरकारी बांधकाम खात्यांनी ही रीत आपलीशी केली नाही, हे खरं आहे. अभियंत्यांना दरपत्रकात नसलेली गोष्ट सहज मंजूर करता येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. उघड्या विटांचं घर मध्यमवर्गाला आवडलं. त्याला त्यात कलात्मकता दिसली. पण ज्या गरिबासाठी हे सगळं, त्याला मात्र गुळगुळीत गिलाव्याचं आणि गुलाबी रंगाचं घर हवं असतं. आपल्याकडे मराठवाड्यात मातीच्या माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला विचारा. माती म्हणजे त्याच्या लेखी गरिबी, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर तर मरण. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत भूकंपानं जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून हजारो माणसं झोपेतच गेली. त्या घरातून वाचलेल्या माणसाला स्थानिक सामानाचं महत्त्व कुणी सांगायचं? आधी त्याची भीती ऐकून घ्यावी लागते. ती भीती रास्त आहे. दगड वाईट नव्हता; भिंतीची दोन्ही अंगं एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते, आणि छपराखाली भिंतींना धरून ठेवणारा पट्टा नव्हता. ही माहिती वेळेवर गवंड्यापर्यंत पोचली असती तर बरीच माणसं वाचली असती. पुढे नवी गावठाणं सरळ रेषांत, एकसारखी आखली गेली, आणि भावकीच्या गल्ल्या, ओसऱ्या, गोठे त्या आखणीत हरवले.

बेकरांचं घर उचलून लातूरला ठेवता येणार नाही, हेही सांगतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे पायावर काटकसर केली तर भिंत फाटते. कोकणातल्या पावसात उघड्या विटेला लांब पागोळी हवी. आणि वीट कच्ची असेल तर रॅट ट्रॅपच्या नादी लागूच नये. बेकरांकडून घ्यायची ती चौकशी: इथे काय मिळतं, इथल्या हातांना काय येतं, आणि या घरात राहणार कोण.

म्हणून समोर बसलेल्या अभियंत्यांना आणि पंचायत समितीच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला किमान 25 चौरस मीटरचं क्षेत्र आणि सपाटीवर 1 लाख 20 हजारांचं अनुदान ठरलेलं आहे. आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही एका घरकुलाचा हिशोब दोन रकान्यांत मांडा. तालुक्यातल्या माणसांच्या हातात पडलेला पैसा एकीकडे, तालुक्याबाहेर गेलेला दुसरीकडे. मग त्याच माणसाला, त्याच्या बायकोला आणि गवंड्याला एकत्र बसवून विचारा की पुढचं घर कसं बांधलं तर पहिला रकाना वाढेल, आणि भूकंपात छप्पर अंगावर येणार नाही. हा हिशोब कुणी करणार असेल तर कागद-पेन घेऊन त्याच्याबरोबर बसायला मी तयार आहे. उद्या सकाळी नऊ वाजता इथेच, मागच्या खोलीत, भेटू.